४के डिस्कचा निकाल देण्याआधी: चित्र आणि आवाज तपासण्याचा क्रम

‘एवढे पैसे घालून ४के डिस्क मागवली, काही फरकच नाही’ किंवा ‘चित्रात नुसत्या मुंग्या दिसतात, डिस्क बेकार आहे’ अशी तक्रार आली की आधी दोन गोष्टी विचाराव्या लागतात. टीव्ही कुठल्या पिक्चर मोडवर होता? आणि बसला होतात किती लांब? बहुतेक वेळा दोन्हीचं उत्तर नसतं, निकाल मात्र लागलेला असतो.

काही खटकलं तर संशयित चार असतात: तुमची यंत्रणा, चित्रपट मुळात जसा चित्रित झाला आणि घडवला गेला ते, डिस्कसाठी तयार केलेला मास्टर (ज्यावरून डिस्क निघते ती डिजिटल प्रत), आणि तो मास्टर डिस्कवर बसवताना केलेलं कॉम्प्रेशन, म्हणजे माहिती आवळून लहान करणं. डिस्कच्या नावावर फक्त शेवटच्या दोघांचे दोष लावता येतात. म्हणून पहिल्या दोघांना आधी वगळायचं. खालचा क्रम त्यासाठी आहे आणि तो उलटा करून चालत नाही.

## १. डिस्क लावण्याआधी: चित्रपट मुळात काय आहे?

तीन गोष्टी शोधून ठेवा. चित्रण फिल्मवर झालं की डिजिटल कॅमेऱ्यावर? फिल्म असेल तर ३५ मिमी, १६ मिमी की ६५ मिमी? आणि अंतिम प्रत, म्हणजे डिजिटल इंटरमीजिएट, २के (सुमारे दोन हजार पिक्सेल रुंद) होती की ४के (त्याच्या दुप्पट रुंद)?

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. साधारण २००० नंतरच्या दीड दशकातले असंख्य मोठे चित्रपट २के मध्ये पूर्ण झाले. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ त्यांतलाच. त्याची ४के डिस्क म्हणजे २के प्रत मोठी केलेली. तिथे फायदा मिळतो तो एचडीआर (उजेड-काळोखाचा मोठा पल्ला), रंग आणि कमी कॉम्प्रेशनचा, बारीक तपशिलाचा फारसा नाही. उलट ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ १९६२ चा असला तरी ६५ मिमी निगेटिव्हवरचा आहे, आणि त्यात इतका तपशील आहे की आजचे कित्येक डिजिटल चित्रपट त्याच्यापुढे फिके पडतात. सालावरून अंदाज बांधू नका.

जुन्या चित्रपटाच्या बाबतीत पुनर्संचयन कशावरून झालं तेही पाहा. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीची मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबला लागलेल्या आगीत होरपळली. ‘पथेर पांचाली’ आणि ‘अपराजितो’चे वाचलेले भाग मूळ निगेटिव्हवरून घेतले, उरलेलं आणि ‘अपूर संसार’ नंतरच्या पिढीच्या प्रतींवरून. त्यामुळे एकाच चित्रपटात काही रीळ लख्ख आणि काही मऊ दिसतात. हे ठाऊक नसलेला माणूस डिस्क बनवणाऱ्याला दोष देऊन मोकळा होतो.

सावध: डब्याच्या पाठीमागचं ‘४के अल्ट्रा एचडी’ हे डिस्कच्या चौकटीचं वर्णन आहे, म्हणजे ३८४० × २१६० पिक्सेल. आत ओतलेल्या मालाबद्दल ते काहीच सांगत नाही.

## २. टीव्हीची ढवळाढवळ थांबवा

शोरूममध्ये गिऱ्हाईक खेचण्यासाठी केलेली सेटिंग्ज घरी तशीच चालू राहतात. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो निवडा, नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’. मग एकेक गोष्ट हाताने तपासा, कारण नुसता मोड बदलून सगळं बंद होतंच असं नाही.

चित्र गुळगुळीत करणारी मोशनची सगळी सेटिंग्ज बंद. नॉइज रिडक्शन बंद, आणि ते दोन-तीन वेगवेगळ्या नावांनी लपलेलं असतं. ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ बंद. वीज वाचवणारा मोड आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे चित्र बदलणारा सेन्सर बंद. रंगाचं तापमान ‘वॉर्म’, त्यातही दोन पायऱ्या असतील तर जास्त उबदार. सुरुवातीला चित्र पिवळट वाटेल. दोन दिवस द्या, मग जुनंच निळसर वाटू लागेल. एचडीआर१० (एचडीआरचा साधा प्रकार) मधलं ‘डायनॅमिक टोन मॅपिंग’ रोजच्या बघण्यात हवं तर ठेवा, पण तपासणीच्या वेळी नको. ते दृश्यागणिक उजेड बदलतं आणि मग तुम्ही डिस्क सोडून टीव्हीच्या चिपचं परीक्षण करत बसता.

शार्पनेसचा गोंधळ वेगळाच. काही टीव्हींवर शून्य म्हणजे तटस्थ, सोनीच्या टीव्हींवर ५० म्हणजे तटस्थ. प्लेअरमध्येही शार्पनेस असतो, तोही शून्यावर आणा.

तपासा: सबटायटल्स लावा आणि अक्षरांच्या कडा जवळून बघा. अक्षरं प्लेअर स्वतः चित्रावर ठेवतो, त्यामुळे मास्टरमधल्या शार्पनिंगचा त्यांना स्पर्श झालेला नसतो. अक्षरांभोवती पांढरी किंवा काळी प्रभावळ दिसली तर ती तुमच्या टीव्हीची करणी. अक्षरं स्वच्छ आणि माणसांच्या खांद्यांभोवती मात्र प्रभावळ असेल तर ती मास्टरमध्ये आहे. यासाठी वेगळ्या उपकरणाची गरज नाही, आणि तरीही ही तपासणी फार कमी लोक करतात.

## ३. जो सिग्नल हवा तोच पोचतोय ना?

महागडा टीव्ही, महागडा प्लेअर, आणि एचडीएमआय पोर्ट मात्र जुन्याच सेटिंगवर, असं वरचेवर आढळतं. एलजीवर ‘एचडीएमआय डीप कलर’, सॅमसंगवर ‘इनपुट सिग्नल प्लस’, सोनीवर ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’मध्ये ‘एन्हान्स्ड’ अशी नावं आहेत. सेटिंग पोर्टनिहाय असतं. ज्या पोर्टात प्लेअर लावलाय त्याचंच चालू करा. केबल १८ गिगाबिटची, आणि शक्य तितकी आखूड.

डिस्क चालू करून रिमोटवरचं इन्फो किंवा डिस्प्ले बटण दाबा. २१६०पी, २४ फ्रेम, एचडीआर१० किंवा डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच दुसरा प्रकार), बीटी.२०२० (रंगांचा मोठा पल्ला) हे दिसायला हवं. ६० दिसत असेल तर प्लेअरमधलं २४ फ्रेमचं आउटपुट बंद आहे. अपवाद मोजके: ‘जेमिनी मॅन’ची डिस्क मुळातच ६० फ्रेमची आहे, तिथे मालिकेसारखं दिसणारं चित्र हेच खरं चित्र.

डॉल्बी व्हिजनबाबत दोन खाचखळगे. सॅमसंगचे टीव्ही ते दाखवतच नाहीत, आणि प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स डिस्कवरून ते देत नाहीत. दोन्हीकडे तुम्ही एचडीआर१० बघत असता. सोनीच्या एक्स७०० आणि एक्स८००एम२ प्लेअरवर ते मेनूत जाऊन हाताने चालू-बंद करावं लागतं. चालूच राहिलं तर साध्या एचडीआर१० डिस्कवरही तो डॉल्बी व्हिजनचा शिक्का मारून पाठवतो. मग रंग बदलल्याची तक्रार डिस्कच्या नावावर जाते.

तपासा: चित्राच्या वर-खालच्या काळ्या पट्ट्या बघा. पट्ट्या राखाडी असतील तर ब्लॅक लेव्हल चुकली आहे, किंवा एलईडी टीव्हीची मागची बत्ती झिरपते आहे. अंधारातले सगळे तपशील गिळले गेले असतील आणि पांढरंही भाजल्यासारखं दिसत असेल, तर प्लेअर आणि टीव्ही यांच्यात ‘फुल’ आणि ‘लिमिटेड’ रेंजचं (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या आकड्यांच्या पल्ल्याचं) जुळत नाही. हे सुटेपर्यंत पुढे जाऊ नका.

## ४. आवाजाची वाट मोकळी करा

डिस्कवरचा ॲटमॉस (डोक्यावरूनही येणारा आवाज) डॉल्बी ट्रूएचडी या दर्जा न घटवलेल्या ट्रॅकच्या आत येतो, स्ट्रीमिंगवरचा डॉल्बी डिजिटल प्लस या आवळलेल्या ट्रॅकच्या आत. नाव एकच, माल वेगळा. ट्रूएचडी साध्या एआरसीतून (टीव्हीकडून साउंडबारकडे आवाज नेणारी एचडीएमआयची सोय) जात नाही, ऑप्टिकल केबलीतून तर नाहीच. एकतर प्लेअर थेट रिसीव्हरला (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) किंवा साउंडबारच्या एचडीएमआय इनपुटला जोडा, नाहीतर टीव्ही आणि साउंडबार दोन्हींवर ईएआरसी (एआरसीची सुधारित आवृत्ती) चालू करा. काही कंपन्यांचे टीव्ही डीटीएस (डॉल्बीसारखाच दुसऱ्या कंपनीचा आवाजाचा प्रकार) पुढे जाऊच देत नाहीत, म्हणून थेट जोडणी केव्हाही बरी.

प्लेअरमध्ये आउटपुट ‘बिटस्ट्रीम’, म्हणजे आवाज न उलगडता जसाच्या तसा पुढे पाठवणं. आणि ज्या सेटिंगने सगळ्यात जास्त लोकांना फसवलंय ते म्हणजे दुय्यम आवाज: सोनीवर ‘बीडी ऑडिओ मिक्स’, पॅनासॉनिकवर ‘सेकंडरी ऑडिओ’. ते चालू असेल तर मेनूच्या क्लिक-आवाजासाठी मुख्य ट्रॅकचा दर्जा उतरवला जातो आणि ॲटमॉस गायब होतो. ते बंद करा. ‘डायनॅमिक रेंज’ किंवा ‘डीआरसी’ (लहान-मोठे आवाज एका पातळीकडे आणणारं सेटिंग) ‘ऑटो’वर न ठेवता बंद करा. रात्री शेजाऱ्यांसाठी लावलेला नाइट मोड सकाळी काढायचा राहून जातो, तोही बघा.

तपासा: रिसीव्हरच्या किंवा साउंडबारच्या पडद्यावर ‘ॲटमॉस’ किंवा ‘डीटीएस-एचडी एमए’ असं नाव उमटलं पाहिजे. ‘पीसीएम’ किंवा ‘डॉल्बी डिजिटल’ उमटलं तर मागे जा.

## ५. खोली आणि अंतर

५५ इंची टीव्हीपासून साधारण २.२ मीटरपेक्षा लांब बसलात तर निरोगी डोळ्यालाही साध्या एचडीचे पिक्सेल वेगळे दिसत नाहीत. मग ४के मधला जादा तपशील कुठून दिसणार? ६५ इंचीसाठी ही मर्यादा सुमारे २.६ मीटर आहे. आपल्या फ्लॅटमध्ये सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला असतो आणि अंतर सहज तीन मीटर होतं. तपासणीपुरती खुर्ची पुढे ओढा: ५५ इंचीला सव्वा ते दीड मीटर, ६५ इंचीला दीड ते पावणेदोन. मात्र अंतिम मत रोजच्या जागेवरून काय दिसतं तेही सांगून द्या.

पडदे ओढा, ट्यूबलाइट बंद करा. एचडीआर१० मधला उजेड ठरावीक निट्समध्ये (उजेड मोजायचं एकक) डिस्कवर नोंदलेला असतो, तो अंधाऱ्या खोलीसाठी असतो. दुपारी हॉलमध्ये बघून ‘एचडीआर काळोखं आहे’ म्हणण्यात अर्थ नाही.

आवाजासाठी बसायच्या जागी एक टाळी वाजवा. टाळीमागून झणझणाट ऐकू आला तर फरशी आणि उघड्या भिंती संवाद खाणार हे धरून चाला. सतरंजी आणि जाड पडद्यांनी बराच फरक पडतो. रिसीव्हर असेल तर टेस्ट-टोनवर प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलला आणा आणि क्रॉसओव्हर (ज्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती मर्यादा) ८० हर्ट्झवर ठेवा.

## ६. पहिल्यांदा नुसता चित्रपट बघा

पॉज नाही, रिवाइंड नाही, टॉर्च घेऊन पडद्याजवळ जाणं नाही. लक्ष कुठे विचलित झालं तेवढी वेळ कागदावर टिपा: ‘००:४१, आकाश’, ‘१:१२, संवाद’. ज्या दोषाने चालत्या चित्रपटात तुमचं लक्ष वेधलं नाही, त्याला नंतर गोठवलेल्या फ्रेममध्ये सापडला म्हणून मोठं करू नका. स्टुडिओचे लोगो आणि सुरुवातीची श्रेयनामावली यांवरून मत बनवू नका. फिल्मच्या काळात नावं छापताना त्या शॉटची आणखी एक प्रत काढली जायची, म्हणून तिथलं चित्र जात्याच मऊ असतं. दृश्य विरघळून दुसरं येतं त्या डिझॉल्व्हचंही तसंच.

## ७. चित्र: एका वेळी एकच गोष्ट

ग्रेन आणि तपशील. फिल्मवरच्या चित्रपटात ग्रेन (फिल्मचे बारीक कण, तक्रारीतल्या त्या ‘मुंग्या’) असणारच, ते म्हणजेच चित्र आहे. चांगला ग्रेन बारीक असतो, फ्रेमगणिक बदलतो आणि चेहऱ्यावर, भिंतीवर, आकाशावर सारखा जिवंत असतो. दोष ओळखायचा तो ग्रेन नसण्यावरून. चेहऱ्याचा क्लोज-अप घ्या, शक्यतो मध्यमवयीन नटाचा. गालावरची रंध्रं, दाढीची खुंटं, कपड्याची वीण दिसते का? चेहरा मेणासारखा गुळगुळीत आणि केस मात्र टोकदार दिसत असतील तर नॉइज रिडक्शन करून वर शार्पनिंग चढवलेलं आहे. ‘टर्मिनेटर २’च्या २०१७ च्या डिस्कवर याच कारणाने टीका झाली. आणखी एक खूण: माणूस स्थिर असताना तपशील आहे आणि मान वळवताच त्वचा पुसल्यासारखी होते.

सावध: टीव्हीचं नॉइज रिडक्शनही हेच करतं. दुसरा टप्पा झाल्याशिवाय हा आरोप करू नका.

कडा. खिडकीची चौकट, विजेचे खांब, क्षितिज. प्रभावळ दिसली तर सबटायटल्सची तपासणी पुन्हा करा.

काळं. रात्रीचं दृश्य, काळा कोट, काळे केस. कोटाच्या घड्या दिसतात का? पट्ट्या काळ्याकुट्ट आहेत आणि रात्र मात्र राखाडी आहे, तर तसं ग्रेडिंग (चित्रपटाच्या रंग-उजेडाची ठरवलेली जुळणी) आहे. जुन्या चित्रपटांत ते बहुधा मुद्दाम आणि बरोबर असतं.

उजेड. इथे सगळ्यात जास्त चूक होते. एचडीआर म्हणजे डोळे दिपणं नव्हे. दिव्याच्या काचेत तार दिसते का, ढगाच्या पांढऱ्यात घडी आहे का, मेणबत्तीची ज्योत पिवळी राहते की नुसता पांढरा ठिपका होतो, हे पाहा. मास्टर सहसा १००० किंवा ४००० निट्सच्या मॉनिटरवर होतात, आपल्याकडचे बरेच टीव्ही त्याच्या निम्म्यालाही पोचत नाहीत आणि उरलेला उजेड दाबून बसवतात. शिवाय काही छायाचित्रकार जाणूनबुजून उजेड २००–३०० निट्सच्या आसपासच ठेवतात. तो दोष नाही.

रंग. त्वचेपासून सुरू करा, मग पानं, मग लाल. जुन्या ब्ल्यू-रेपेक्षा रंग वेगळा आहे एवढ्यावरून तो चुकला असं होत नाही. जुनी डिस्कच चुकीची असू शकते. मात्र सगळ्या सावल्या निळसर-हिरव्या आणि सगळ्या त्वचा नारिंगी असतील, आणि चित्रपट १९७० च्या दशकातला असेल, तर नवी फॅशन जुन्या चित्रपटावर चढवल्याची शंका रास्त आहे.

कॉम्प्रेशन. धुकं, धूर, पाऊस, पाण्याखालची दृश्यं, हळूहळू काळोखात जाणारा शॉट. ग्रेन ठोकळ्यांत गोठतो का? दर सेकंदाला चित्र किंचित ‘धडधडतं’ का? १०० जीबी डिस्कला १२८ मेगाबिट प्रति सेकंदापर्यंत मुभा आहे, ६६ जीबीला कमी. पण बिटरेटचा आकडा बघून गुण देऊ नका. स्वच्छ डिजिटल चित्रणाला ४५ पुरतात, जाड ग्रेनच्या १६ मिमीला ८० लागू शकतात. आकाशात पायऱ्या दिसल्या तर आधी टीव्हीचं ग्रेडेशन सेटिंग बदलून पाहा. पायऱ्या हलल्या किंवा विरल्या तर टीव्हीचाही हात आहे. जमलं तर तेच दृश्य दुसऱ्या टीव्हीवर बघा. तिथेही त्याच जागी पायऱ्या आल्या तर मात्र त्या डिस्कवर आहेत.

## ८. आवाज: डोळे मिटून, संवादापासून

व्हॉल्यूम संवादावरून ठरवा. डिस्कागणिक मूळ पातळी वेगळी असते, आणि एखाद्या डिस्कला सहा-आठ डेसिबल चढवावे लागले तर तो दोष नाही. चढवल्यावर काय होतं ते महत्त्वाचं. कुजबुज ऐकू येते आणि स्फोट खरोखर अंगावर येतो, की दोन्ही जवळपास एकाच उंचीवर आहेत? दुसरं असेल तर मिक्स दाबलेला आहे.

मग क्रमाने: ‘स’ आणि ‘श’ टोचतात का, खोलीतल्या संवादाला त्या खोलीचा पोत आहे का, पाऊस भोवती पसरतो की फक्त समोर पडतो. खर्ज तपासताना नुसता दणका मोजू नका, तो लगेच थांबतो का ते ऐका. आणि खुर्ची हलवून पाहा: एका जागी खर्ज घुमतो आणि अर्ध्या मीटरवर नाहीसा होतो, तर तो खोलीचा खेळ आहे.

ॲटमॉसचं नाव नसलं म्हणजे आवाज कमी दर्जाचा, हा समज सोडा. ‘ओपनहायमर’च्या डिस्कवर डीटीएस-एचडी एमए ५.१ आहे, वरचे स्पीकर गप्प असतात, आणि तरीही तिच्यातला दाब आणि शांतता यांतलं अंतर भल्याभल्या ॲटमॉस ट्रॅकना गाठता येत नाही. उलट मोनोतल्या जुन्या चित्रपटाला नव्याने ॲटमॉस लावलेला असेल तर बंदुकीचे, दारांचे आवाज बदललेत का ते ऐका. मूळ मोनो ट्रॅक डिस्कवर नसेल तर मी त्याचे गुण कापतो.

## ९. जुन्या डिस्कशी तुलना

फोनवरच्या स्क्रीनशॉटवरून तुलना करू नका. एचडीआर फ्रेम साध्या पडद्यासाठी रूपांतरित केली की रंग आणि उजेड दोन्ही मोडतात. तुलना त्याच टीव्हीवर, त्याच खुर्चीतून, त्याच शॉटवर.

अडचण एकच येते. ४के डिस्कला रीजन कोड नसतो, त्यामुळे अमेरिकेतून भावाने आणलेली डिस्क पुण्यात बिनतक्रार चालते. सोबतच्या साध्या ब्ल्यू-रेला मात्र असू शकतो: अमेरिका ए, ब्रिटन बी, भारत सी. ती इथल्या प्लेअरवर चालेलच असं नाही. चाललीच, तर ती नव्या मास्टरवरून काढलीय की दहा वर्षं जुनी डिस्क तशीच डब्यात कोंबलीय ते पाहा. दोन्ही प्रकार सर्रास आढळतात.

आवाजाची तुलना करताना दोन्ही ट्रॅक संवादाच्या पातळीवर एकसारखे करून घ्या. फोनवरचं डेसिबल ॲप एवढ्या कामाला पुरतं. जरा मोठा असलेला ट्रॅक कानाला नेहमीच ‘चांगला’ वाटतो.

## १०. नोंद लिहिताना

प्रत्येक दोषापुढे तीन गोष्टी: वेळ, काय दिसलं किंवा ऐकू आलं, आणि चार संशयितांपैकी कोण. ‘१:०४:२०, धुक्यात ग्रेन गोठतो, टीव्हीचं नॉइज रिडक्शन बंद, कॉम्प्रेशन’ एवढं पुरे. दुसऱ्या कुणालाही तेच दृश्य लावून पडताळता येतं. ‘चित्र दहापैकी आठ’ याचा कुणाला उपयोग नाही. ज्या दोषाचा धनी ठरत नाही, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका आणि तेच दृश्य दुसऱ्या घरी दुसऱ्या टीव्हीवर बघेपर्यंत ते तसंच राहू द्या.

चित्र एकाच जागी अडकणं किंवा चौकोनांत फुटणं हे दर्जाच्या खात्यात घालू नका. आधी मऊ मायक्रोफायबर कापडाने डिस्क मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. प्लेअरचं फर्मवेअर अद्ययावत करा. तीन थरांच्या १०० जीबी डिस्क बोटांच्या ठशांनाही हटून बसतात. तरीही त्याच सेकंदाला अडकत असेल तर दुसऱ्या प्लेअरवर लावून पाहा, आणि तिथेही अडकली तर परत करण्याची मुदत संपण्याआधी विक्रेत्याकडून बदलून घ्या.